आधी मोजणी, मग दुरुस्ती, शेवटी दावा: व्यवसायातून समाज आणि पर्यावरणाचं काम कसं उभं करावं

समाजासाठी आणि पर्यावरणासाठी काही करायचं ठरवलेल्या बऱ्याच कंपन्या कामाला उलट्या टोकाने हात घालतात. आधी वृक्षारोपणाचा फोटो निघतो, मग पाकिटावर हिरवं पान छापलं जातं, एखादी देणगी जाते. दोन-तीन वर्षांनी कोणी विचारतं की या काळात वीजबिल, कचरा, कंत्राटी कामगारांचा पगार यांत काय बदललं, आणि सांगायला एकही आकडा नसतो. मालकाचा हेतू चांगला असतो, माणसं राबलेली असतात, पैसाही गेलेला असतो. तरी क्रम चुकल्यामुळे हाती काही लागत नाही.

दहा-वीस माणसांच्या कार्यशाळेपासून काही शे कर्मचाऱ्यांच्या कंपनीपर्यंत कुणालाही वापरता येईल असा क्रम खाली दिला आहे. पहिली फेरी पूर्ण व्हायला बारा ते अठरा महिने धरा. त्याहून घाई केली तर मोजणीचा टप्पा गाळला जातो, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं असतं.

## पूर्वतयारी: माणूस, अधिकार आणि कागद

एका माणसाला जबाबदार धरा. समिती नंतर नेमता येईल. हा माणूस जनसंपर्क किंवा जाहिरात विभागातला नको; उत्पादन, हिशेब किंवा खरेदी यांतलं काम जाणणारा हवा. त्याला आठवड्यातला किमान एक पूर्ण दिवस या कामासाठी मोकळा द्या. कोणत्याही विभागाची बिलं आणि नोंदवह्या मागण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. हा कागद नसेल तर तिसऱ्या आठवड्यात खरेदी विभाग "गोपनीय आहे" म्हणतो आणि काम तिथेच थांबतं.

मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचे हे कागद गोळा करा:

- बारा महिन्यांची वीजबिलं, प्रत्येक मीटरची वेगळी
- डिझेल, पेट्रोल, गॅस सिलिंडर यांच्या पावत्या, लिटर किंवा किलोसह
- एसी, फ्रीज, चिलर यांत भरलेल्या गॅसच्या नोंदी
- पाण्याची बिलं आणि टँकरच्या पावत्या
- भंगार आणि कचरा उचलणाऱ्यांच्या पावत्या
- पगारपत्रकं, ठेकेदारामार्फत आलेल्या माणसांचीही
- अपघात नोंदवही
- पुरवठादारांची यादी, वर्षभरातल्या खरेदीच्या रकमेसह

तपासा: वीजबिलावर "अंदाजे" किंवा सरासरीने आकारणी असा शेरा आहे का? असेल तर दोन प्रत्यक्ष मीटर रीडिंगमधल्या फरकावरून त्या काळाचा वापर काढा. अंदाजे बिलांवर उभा केलेला हिशेब पुढच्या वर्षी प्रत्यक्ष रीडिंग आलं की कोसळतो.

## टप्पा १: सीमा आखा

कोणत्या जागा, कोणती वाहनं, कोणती माणसं हिशेबात धरायची ते आधी लिहून काढा. भाड्याची गोदामं, मालकीची पण दुसऱ्याला चालवायला दिलेली यंत्रं, ठेकेदाराचे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार या चार ठिकाणी हमखास गोंधळ होतो. नियम सोपा ठेवा. काम कसं चालावं हे जिथे तुम्ही ठरवता, ते सगळं आत.

कार्बनच्या, म्हणजे तापमान वाढवणाऱ्या वायूंच्या, हिशेबासाठी जगभर जीएचजी प्रोटोकॉल या प्रमाण पद्धतीची विभागणी वापरतात. स्कोप १ म्हणजे तुमच्या जागेत आणि तुमच्या गाड्यांत जळणारं इंधन, शिवाय यंत्रांतून गळणारा गॅस. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज किंवा वाफ. स्कोप ३ म्हणजे बाकी सगळी साखळी: कच्चा माल, भाड्याची वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या वस्तूचा वापर आणि तिची विल्हेवाट. या तिसऱ्या गटाचे १५ प्रकार केले आहेत. पहिल्या वर्षी पंधराही प्रकार अचूक मोजायचा हट्ट धरू नका. स्कोप १ आणि २ नीट मोजा. स्कोप ३ मध्ये कोणते तीन-चार प्रकार मोठे आहेत एवढंच शोधा.

सावधान: प्रदूषण करणारी प्रक्रिया बाहेरच्या जॉबवर्कवाल्याला दिली की तुमचा आकडा खाली येतो, धूर मात्र तितकाच राहतो. अशी बाहेर दिलेली कामं हिशेबात वेगळ्या ओळीवर दाखवा.

## टप्पा २: एका वर्षाचा हिशेब

हिशेबाचं सूत्र एकच: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक (एक लिटर, किलो किंवा युनिटमागे किती वायू बाहेर पडतो तो आकडा). एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पेट्रोलचा सुमारे २.३ किलो, एक किलो एलपीजीचा जवळपास ३ किलो. विजेचा गुणांक ग्रिडप्रमाणे, म्हणजे वीज ज्या जाळ्यातून येते त्याप्रमाणे, बदलतो. कोळशावर चालणाऱ्या ग्रिडचा आणि जलविद्युत ग्रिडचा आकडा यांत प्रचंड तफावत असते, म्हणून आपल्या ग्रिडचा अधिकृत आणि त्याच वर्षाचा गुणांक घ्या. इंटरनेटवर पहिला सापडेल तो उचलू नका.

नमुन्याचा हिशेब पाहा. एका कार्यशाळेचा वर्षाचा वीजवापर १,२०,००० युनिट आणि ग्रिडचा गुणांक युनिटमागे ०.६ किलो धरला, तर ७२ टन. जनरेटरचं डिझेल ४,००० लिटर, म्हणजे सुमारे १०.७ टन. एसीत वर्षभरात आर-४१०ए गॅस ३ किलो भरला. हा गॅस १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता अडवतो (आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या कोणत्या अहवालातला आकडा वापरता त्यावर थोडा फरक पडतो). म्हणजे ६.३ टन. एकूण ८९ टन.

या तिसऱ्या ओळीवर जरा थांबा. फक्त ३ किलो गॅस, आणि परिणाम २,३०० लिटरहून जास्त डिझेल जाळल्याइतका. पहिल्या हिशेबात सर्वाधिक वेळा सुटणारी नोंद हीच, कारण मेकॅनिक येतो, गॅस भरतो आणि पावतीवर फक्त "सर्व्हिसिंग" लिहून जातो. आजपासून त्याला सिलिंडरचं भरण्याआधीचं आणि भरल्यानंतरचं वजन पावतीवर लिहायला सांगा. दर वर्षी गॅस भरावा लागतोय याचा अर्थच कुठेतरी गळती आहे. गॅस संपणारी वस्तू नाही.

हरित वीज प्रमाणपत्रं (सौर, पवन अशा स्रोतांतून वीज तयार झाल्याचे विकत मिळणारे दाखले) घेत असाल तर विजेचे दोन आकडे लिहावे लागतात: एक ग्रिडच्या सरासरीने, दुसरा करारानुसार. फक्त दुसरा दाखवला की प्रत्यक्ष वापर वाढल्याचं लपून जातं.

पाण्यासाठी रात्रीची चाचणी करा. काम बंद झाल्यावर मीटरचं रीडिंग, सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पुन्हा रीडिंग. टाक्या आधी भरून घेतल्या असतील आणि रात्री कोणी पाणी वापरत नसेल, तरी काटा सरकला तर ती गळती. तीन रात्री ओळीने करा, म्हणजे शंका उरत नाही.

कचऱ्यासाठी सात दिवस वजन करा. एकच दिवस पुरत नाही. आठवड्याच्या शेवटचा आणि सुरुवातीचा कचरा वेगळा असतो. ताडपत्री पसरा, हातमोजे घाला, ओला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, धातू, घातक आणि इतर असे ढीग करून प्रत्येकाचं वजन लिहा. सोबत एक रकाना जास्तीचा ठेवा: त्या कचऱ्यातला माल विकत घेताना किती पैसे मोजले होते. कचरा उचलायचा खर्च बहुतेकदा किरकोळ असतो. फेकलेल्या मालाची खरेदी किंमत मात्र डोळे उघडणारी असते, आणि व्यवस्थापनाचं लक्ष त्याच रकान्याकडे जातं.

माणसांचा हिशेबही याच टप्प्यात करा: सर्वांत कमी पगार कोणाला आणि किती, आठवड्याचे प्रत्यक्ष तास, कंत्राटी आणि कायम माणसांचं प्रमाण, अपघात, वर्षभरात सोडून गेलेली माणसं. हे आकडे विभागवार आणि स्त्री-पुरुष वेगवेगळे काढा. सरासरी पगार सांगू नका. सरासरीत तळातला माणूस दिसत नाही.

## टप्पा ३: मोठं काय ते ठरवा

आता हातात बरेच आकडे असतील. सगळीकडे एकदम धावू नका. प्रत्येक परिणामाला तीन प्रश्न विचारा: किती गंभीर, किती जणांवर किंवा किती क्षेत्रावर, आणि झालेलं नुकसान भरून येतं का. माणसांच्या बाबतीत गांभीर्याला पहिला मान. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची व्यवसाय आणि मानवी हक्कांची मार्गदर्शक तत्त्वंही असंच सांगतात की सगळं एकदम हाताळता येत नसेल, तर सर्वांत गंभीर आणि उशीर केला तर भरून न येणारे परिणाम आधी घ्या. कंपनीला किती तोटा होईल हा प्रश्न वेगळ्या कागदावर ठेवा. दोन्ही एकत्र केले की स्वस्त आणि दिसायला छान असलेली कामं आपोआप वर येतात. कार्यालयातले कागदी कप बंद होतात आणि रंगाईतलं पाणी नाल्यात जातच राहतं.

ही यादी खोलीत बसून ठरवू नका. कामगार, शेजारची वस्ती, माल उतरवणारे, कचरा उचलणारे यांच्याशी बोला. पर्यवेक्षक समोर नसताना बोला. दहा-पंधरा संभाषणांत अशा गोष्टी कळतात ज्या कोणत्याही बिलात नसतात: रात्री सोडला जाणारा वास, स्त्रियांना वापरता न येणारं स्वच्छतागृह, पावसाळ्यात वस्तीत शिरणारं पाणी.

तपासा: शेवटच्या यादीत पाचहून जास्त विषय आहेत का? असतील तर निवड अजून झालेली नाही.

## टप्पा ४: आधी आपलं घर

ऊर्जेचा क्रम ठरलेला आहे: नको असलेला वापर बंद, मग गळती, मग सेटिंग, मग यंत्र बदल, आणि शेवटी सौर पॅनल. बहुतेक जण पॅनलपासून सुरुवात करतात. मग वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल बसतात आणि हवी त्याहून मोठी यंत्रणा घेतली जाते.

कॉम्प्रेसर असेल तर तिथून सुरुवात करा. दुर्लक्षित यंत्रणेत दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा नुसती गळून जाते. चाचणीला खर्च नाही. हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद करा, कॉम्प्रेसर चालू ठेवा, तो किती वेळ लोडवर चालतो (हवा दाबतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा न दाबता नुसता फिरतो) ते घड्याळ लावून पाच-सहा फेऱ्या मोजा. लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले १००, ही गळतीची टक्केवारी. लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेचार मिनिटं आलं, तर २५ टक्के. नीट राखलेल्या यंत्रणेत हा आकडा १० टक्क्यांच्या खाली असतो. साबणाचं पाणी लावून जोड तपासा, प्रत्येक गळतीला क्रमांकाची चिठ्ठी बांधा, दुरुस्त झाल्यावर पुन्हा तीच चाचणी. गळती थांबल्यावरच दाब कमी करून पाहा. ७ बार (बार हे दाबाचं एकक) च्या आसपास चालणाऱ्या यंत्रणेत १ बार कमी केला की वीज साधारण ७ टक्के वाचते. गळती तशीच ठेवून दाब उतरवला तर लांबच्या यंत्राला हवा पुरत नाही, ऑपरेटर तक्रार करतो, आणि दाब परत वर जातो. कायमचा.

पंखे आणि पंप यांत वेग नियंत्रक लावून मोठी बचत होते, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्के केला तर शक्ती जवळपास ५१ टक्क्यांवर येते. हे पाणी उंचावर चढवणाऱ्या पंपाला तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे उंचीचा भार तसाच राहतो आणि बचत कमी मिळते. नियंत्रक विकणारा हा फरक सहसा सांगत नाही.

कचऱ्यात पहिलं काम म्हणजे ओला कचरा उगमापाशीच वेगळा करणं. भिजलेला, तेलकट पुठ्ठा पुनर्वापराला जवळजवळ निरुपयोगी होतो. डबे वेगळे ठेवून ते शेवटी एकाच गाडीत रिकामे होत असतील, तर कर्मचारी आठवड्याभरात वेगळं करणं सोडून देतात आणि पुन्हा कधी विश्वास ठेवत नाहीत. आधी उचलणाऱ्याशी लेखी ठरवा, मग डबे आणा. उचललेला माल जातो कुठे ते वर्षातून एकदा स्वतः जाऊन पाहा.

## टप्पा ५: आपली माणसं

पगाराची तपासणी करताना किमान वेतनावर थांबू नका. जगण्यापुरतं वेतन काढा: कुटुंबाचं पोषक अन्न, घर, आरोग्य, शिक्षण, प्रवास, कपडे आणि अडीनडीसाठी थोडी शिल्लक. हा आकडा नियमित तासांच्या पगाराशी ताडून पाहा. ओव्हरटाइम आणि बोनस मिळवून आकडा गाठणं ही फार मोठी आणि फार सर्रास होणारी चूक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच कराराने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. माणसाला जगण्यासाठी साठ तास राबावं लागत असेल, तर त्याचा पगार पुरेसा नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

कंत्राटी कामगारांना थेट विचारा: काम मिळवण्यासाठी कोणाला पैसे दिले का? ओळखपत्रं किंवा पासपोर्ट कोणाकडे आहेत? पगार पूर्ण हातात येतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर तो माणूस बहुधा कर्ज फेडण्यासाठी काम करतोय, म्हणजे मनात आलं तरी सोडून जाऊ शकत नाही. भरतीचा खर्च मालकाने उचलायचा आणि कामगाराने दिलेले पैसे परत करायचे, हे ठेकेदाराच्या करारात घाला. ठेकेदाराला दिलेल्या रकमेत मजुरी किती आणि त्याचं कमिशन किती हे वेगळं लिहून घ्या. एकच आकडा असेल तर कपात नेहमी मजुरीतून होते.

सुरक्षेतही क्रम महत्त्वाचा: धोका काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचा पर्याय आणा, मग यंत्राला आडोसा किंवा धूर ओढणारी व्यवस्था, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे-मास्क. बहुतेक ठिकाणी खरेदी मास्कपासून सुरू होते आणि तिथेच संपते. धोका दिसल्यावर काम थांबवायचा अधिकार कामगाराला द्या आणि त्या वेळेचा पगार कापू नका. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसं गेली. भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या. तरी कामगारांना दुसऱ्या दिवशी आत पाठवण्यात आलं.

तक्रारीची व्यवस्था: किमान दोन वाटा ठेवा, त्यातली एक थेट वरिष्ठाच्या हाताखाली नसलेली. निनावी तक्रार चालली पाहिजे, आणि ती कामगारांच्या भाषेत, फोनवरूनही करता आली पाहिजे. तीन दिवसांत पोच, तीस दिवसांत उत्तर, अशी मुदत भिंतीवर लिहून लावा.

सावधान: वर्षभरात एकही तक्रार नाही म्हणजे सगळं छान चाललंय असं समजू नका. बहुधा कोणाचा त्या पेटीवर विश्वास नाही, किंवा ती पेटी पर्यवेक्षकाच्या टेबलासमोर आहे.

## टप्पा ६: खरेदी आणि पुरवठादार

सर्वांत जास्त चुका इथे होतात. नेहमीची पद्धत अशी: तीनशे प्रश्नांचा फॉर्म सगळ्या पुरवठादारांना जातो, सगळे "हो, हो, हो" भरून पाठवतात, फाइल बंद. असं करू नका.

पहिलं काम, पुरवठादारांची यादी जोखमीप्रमाणे लावा. रकमेप्रमाणे लावली तर मोठा, संघटित पुरवठादार वर येतो आणि हंगामी मजुरांवर चालणारा छोटा ठेकेदार शेवटच्या पानावर जातो, जिथे खरी अडचण असते. कोणता माल, कुठून येतो, मजूर स्थलांतरित आहेत का, रसायनं आहेत का, काम पुढे आणखी कोणाला दिलं जातं का, यावरून पहिले दहा निवडा. प्रत्यक्ष भेट फक्त या दहांना.

दुसरं काम अधिक अवघड, कारण ते स्वतःच्या खरेदी विभागाला आरशासमोर उभं करणारं आहे. पुरवठादाराकडे जादा तास का होतात? बऱ्याचदा तुमची ऑर्डर उशिरा पक्की झाली, रंग शेवटच्या आठवड्यात बदलला, पोचवायची तारीख मात्र तीच राहिली, म्हणून. पगार उशिरा का होतात? तुमचं बिल नव्वद दिवसांनी सुटतं म्हणून. तेव्हा आचारसंहितेवर सही मागण्याआधी या चार गोष्टी बदला:

१. ऑर्डर गोठवायची तारीख ठरवा. त्यानंतर बदल केला तर पोचवायची तारीखही त्या प्रमाणात पुढे जाईल.

२. भाव ठरवताना मजुरीचा भाग वेगळा काढा आणि त्यावर घासाघीस नाही.

३. बिल तीस दिवसांत. छोट्या पुरवठादाराला त्याहून लवकर.

४. पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज दर महिन्याला कळवा.

खरेदी अधिकाऱ्याचं मूल्यमापन फक्त वाचवलेल्या पैशांवर होत असेल तर यातलं काही टिकणार नाही. त्याच्या वार्षिक उद्दिष्टांत हे चार मुद्दे घाला.

आता भेट. प्रमाणपत्र बघून परत येऊ नका. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून २५० हून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी एसए८००० हे कामगारांच्या हक्कांचं आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं होतं. स्वतः चालत जा आणि संकटकाळी बाहेर पडायचं प्रत्येक दार आतून ढकलून पाहा. किल्ली शोधावी लागली तर ते दार धरूच नका.

कागद एकमेकांशी ताडून पाहा. हजेरीपत्रक आणि गेटवरची नोंदवही, उत्पादन अहवाल आणि पगारपत्रक, वीजबिल आणि कामाचे दिवस. सुट्टीच्या दिवशी उत्पादन नोंदलेलं आहे पण हजेरी कोरी आहे, तर दुसरं हजेरीपत्रक कुठेतरी आहे. कामगारांशी कारखान्याबाहेर बोला, आणि कोणी काय सांगितलं ते व्यवस्थापनाला कळेल असं काही लिहू नका.

दोष सापडला तर लगेच संबंध तोडू नका. बालमजूर सापडल्यावर ऑर्डर रद्द केली, तर ते मूल त्याच संध्याकाळी याहून वाईट कामाकडे जातं. योग्य क्रम असा: मुलाला धोक्यातून बाहेर काढा, कुटुंबाशी बोला, शाळेची सोय करा, बुडालेली मिळकत काही काळ भरून द्या किंवा घरातल्या प्रौढ व्यक्तीला काम द्या, मग भरतीत वयाची तपासणी बसवा. बाकी दोषांसाठी काय, कोण, कधीपर्यंत आणि खर्च कोणाचा हे लिहिलेला आराखडा करा. खर्चाचा रकाना रिकामा असेल तर तो आराखडा अमलात येत नाही. वारंवार सांगूनही पुरवठादार ऐकत नसेल तर बाहेर पडा, पण पूर्वसूचना देऊन आणि सगळी देणी चुकती करून.

## टप्पा ७: लक्ष्य ठरवा

लक्ष्य इतक्या उशिरा का, असं वाटेल. घरातली दुरुस्ती आणि पुरवठादारांची ओळख होण्याआधी ठरवलेलं लक्ष्य हवेतलं असतं; काय शक्य आहे हेच तोवर कळलेलं नसतं.

लक्ष्यात चार गोष्टी हव्यात: आधारवर्ष (ज्या वर्षाशी तुलना करायची ते), मुदत, आकडा आणि जबाबदार माणसाचं पद. आणि एकूण उत्सर्जनावर लक्ष्य ठेवा. दर नगामागे २० टक्के घट झाली आणि उत्पादन ४० टक्के वाढलं, तर एकूण उत्सर्जन १२ टक्के वाढलेलं असतं. दर नगाचा आकडा सोबत द्या, एकट्याने नको. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या मार्गाशी जुळण्यासाठी सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या कंपन्यांची हवामान लक्ष्यं तपासणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत आधारवर्षाच्या ४.२ टक्के इतकी घट दर वर्षी धरतात, म्हणजे दहा वर्षांत ४२ टक्के. मोजपट्टी म्हणून ती उपयोगी आहे.

२०५० चं लक्ष्य एकट्याने लिहू नका. ते ठरवणारं कोणी तेव्हा खुर्चीत नसेल. पुढच्या पाच वर्षांचा आकडा आणि पुढच्या बारा महिन्यांचं बजेट हवंच.

## टप्पा ८: कंपनीबाहेरचं काम

देणगी आणि वृक्षारोपणाची पाळी आता. देणगी देताना संस्थेला विचारा की तिला काय हवंय. एका वर्षाच्या रकमेपेक्षा तीन वर्षांची खात्री जास्त कामाची, रक्कम थोडी कमी असली तरी. संस्थेच्या पगाराला आणि कार्यालयाला एक रुपयाही नाही, असा आग्रह धरू नका. काम माणसं करतात आणि त्यांनाही घर असतं. गोदामात पडलेला माल "मदत" म्हणून पाठवणं टाळा. कंपनीला येणारं काम संस्थेला शिकवणं, उदाहरणार्थ हिशेब, शीतसाखळी किंवा यंत्रदुरुस्ती, हे बहुतेकदा रकमेइतकंच मोलाचं ठरतं.

झाडं लावायची असतील तर जमीन कोणाची, तीन वर्षं पाणी कोण देणार, प्रजाती स्थानिक आहेत का, हे तीन प्रश्न खड्डे खणण्याआधी. मोकळं गवताळ रान म्हणजे पडीक जमीन समजू नका. ती स्वतंत्र परिसंस्था असते आणि तिथे झाडं लावणं हे नुकसान आहे. अहवालात लावलेली झाडं लिहू नका. तीन वर्षांनी जगलेली मोजून लिहा.

## टप्पा ९: दावा

"पर्यावरणपूरक", "हरित", "निसर्गस्नेही" हे शब्द बाजूला ठेवा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एका निर्देशाने पुराव्याशिवायचे असे मोघम दावे, आणि कार्बन क्रेडिट (दुसरीकडे झालेली उत्सर्जनातली घट विकत घेतल्याचा दाखला) घेऊन उत्पादनाला "कार्बन न्यूट्रल" म्हणणं, दोन्ही बंद केलं आहे. अंमल २७ सप्टेंबर २०२६ पासून. तुमचा माल तिथे जात नसला तरी ही कसोटी लावून पाहा.

दाव्यात चार तुकडे हवेत: कशात, किती, कोणत्या वर्षाच्या तुलनेत, आणि काय धरलेलं नाही. "आमचं पॅकिंग हिरवं आहे" याऐवजी असं लिहा: "बाहेरच्या खोक्याचं वजन आधारवर्षाच्या तुलनेत १८ टक्के कमी केलं, आतली प्लास्टिक पिशवी बदललेली नाही." शेवटच्या वाक्याने विक्री घटते ही भीती खरी नाही. विश्वास त्याच वाक्याने बसतो.

कंपोस्ट होणाऱ्या पॅकिंगबाबत विशेष काळजी घ्या. ईएन १३४३२ या युरोपीय मानकाची कसोटी औद्योगिक कंपोस्टिंगची आहे: १२ आठवड्यांत ९० टक्के तुकडे होणं आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैविक विघटन, तेही नियंत्रित उष्णतेत. ग्राहकाच्या भागात असा प्रकल्प नसेल तर ते पॅकिंग सामान्य कचऱ्यात जातं, किंवा प्लास्टिकच्या पुनर्वापरात मिसळून तोही माल खराब करतं.

कार्बन क्रेडिट घेणार असाल तर ती घट तुमच्या पैशांशिवाय झालीच नसती का, किती वर्षं टिकेल, तीच घट आणखी कोणी मोजतंय का आणि उत्सर्जन शेजारच्या जागी सरकलं का, हे चार प्रश्न विचारा. क्रेडिट स्वतःच्या आकड्यातून वजा करू नका. वेगळ्या ओळीवर लिहा.

तपासा: दाव्यातल्या प्रत्येक आकड्यामागचा कागद पंधरा मिनिटांत काढून दाखवता येतो का? नसेल तर छपाई थांबवा.

## टप्पा १०: दर वर्षीची फेरी

आकडे त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, त्याच सीमेत पुन्हा काढा. नवी शाखा आली, एखादा विभाग विकला किंवा जुन्या हिशेबात चूक सापडली, आणि त्यामुळे आधारवर्षाचा आकडा ५ टक्क्यांहून जास्त बदलत असेल, तर आधारवर्ष नव्याने मोजा आणि तसं लिहा. न मोजता तुलना केली तर विभाग विकणं हीच "घट" म्हणून छापली जाते.

आकडा वाढला तरी तो त्याच पानावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा आणि कारण लिहा. अहवालाची पहिली प्रत तुमच्या कामगारांना त्यांच्या भाषेत द्या, पंधरा दिवस थांबा, त्यांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करा आणि मगच ती बाहेर पाठवा.